अनंतगिरीला वळसा

९ जानेवारी १९४९, रविवार

रविवारची सुट्टी अजून अंगवळणी पडत नाही. लहानपणापासून शुक्रवारी उशिरा उठायची सवय. आता शुक्रवारी कॉलेजात जायचं आणि रविवारी घरी बसायचं. सप्टेंबरात फौजा आल्या, राज्य बदललं, आणि त्यातलं माझ्या रोजच्या जगण्यात सगळ्यांत जास्त जाणवतं ते हेच, असं म्हटलं तर दादा हसतील. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ केशवराव, हायकोर्टात वकील आहेत.

दैनंदिनी मराठीत लिहायचं नव्या वर्षाला ठरवलं होतं, ते आज सुरू होतंय. शाळेपासून सगळं उर्दूत शिकले, वनस्पतिशास्त्रसुद्धा. आता उर्दू जाऊन इंग्रजी येणार म्हणतात. मराठी घरात बोलण्यापुरती आहे, ती कागदावर उतरते का ते पाहायचं.

आज वरलक्ष्मी आली होती. माझ्यासारखीच ती मुलींच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं काम बघते. विद्यानगरला राहते, तेलुगू घरातली, पण माझ्याशी बोलून बोलून मराठी शिकली. तिचे मामा विकाराबाद स्टेशनवर असिस्टंट स्टेशनमास्तर आहेत. त्यांनी तिला सांगितलं की अनंतगिरीच्या देवळामागून लाकूडतोड्यांची एक वाट डोंगरावर चढते, धारेवरून लांबपर्यंत जाते, पलीकडच्या खोऱ्यात उतरते आणि डोंगराला पुरा वळसा घालून पुन्हा देवळापाशी येते. सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत परत.

"पळस फुलला की जाऊ," वरलक्ष्मी म्हणाली. "तू, मी आणि रफिया. दोन वर्षं झाली, आपण गावाबाहेर पाऊल टाकलं नाही."

खरं आहे. दोन वर्षं कुणीच हौसेनं कुठं गेलं नाही.

१६ जानेवारी, रविवार

जेवताना दादांना विचारलं.

"तीन मुली डोंगरात जाणार. एकट्या."

"तिघी म्हणजे एकट्या कशा?"

"नलगोंड्याकडं कम्युनिस्टांचं काय चाललंय ते वाचतेस ना?"

"विकाराबाद नलगोंड्याच्या उलट दिशेला आहे, दादा."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. कोर्टात उत्तर सुचलं नाही की ते असंच करतात म्हणे. मग म्हणाले, बरोबर घरचं मोठं माणूस असेल तर बघू. मला वाटलं विषय संपला. घरचं मोठं माणूस म्हणजे तेच, आणि त्यांना गच्चीचा जिना चढतानाही दम लागतो.

वहिनी ताटं उचलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी जाते वन्संबरोबर."

आम्ही दोघंही बघत राहिलो. परत आल्यापासून वहिनी फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत. दादा काही बोलले नाहीत, म्हणजे परवानगी मिळाली. पण आता हे असं झालं की मी काय बोलले, कुणाच्या डब्यातलं खाल्लं, किती मोठ्यानं हसले, याची सगळी हकीकत दादांना मिळणार. वहिनींनी उगाच कशाला मध्ये पडावं?

१८ जानेवारी, मंगळवार

वहिनींबद्दल परवा लिहिलं ते पुन्हा वाचलं तर जरा कडू वाटलं. म्हणून हेही लिहून ठेवते.

पद्मावहिनींचं माहेर उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला त्या आपल्या लेकीला, कुमुदला, घेऊन तिकडं गेल्या. त्याच सुमारास रझाकारांनी आसपासची गावं पेटवली. माहेरच्या सगळ्यांबरोबर त्याही घर सोडून निघाल्या, डोंगराडोंगरांनी चालत सरहद्द ओलांडून बार्शीच्या छावणीत पोचल्या. वाटेत कुमुद तापानं गेली. अडीच वर्षांची होती. दादा इकडं अडकलेले, त्यांना कितीतरी उशिरा कळलं. वहिनी परत आल्या त्या एकदम दसऱ्यानंतर, सगळं शांत झाल्यावर.

आम्ही घरात तो विषय कधीही काढला नाही. त्यांना आठवण होईल असं काही बोलायचं नाही, हे दादांनी मला आधीच बजावलं होतं. त्या यायच्या आत कुमुदचा पाळणा, झबली, लाकडी घोडा, सगळं मी आमच्या भांडी घासणाऱ्या गंगूला देऊन टाकलं. भिंतीवर तिनं कोळशानं ओढलेल्या रेघा होत्या, त्यांवर चुना लावून घेतला. हे काम माझ्या हातून नीट झालं याचं समाधान आहे. वहिनी आल्या, घरभर फिरल्या, आणि स्वयंपाकाला लागल्या.

३ फेब्रुवारी, गुरुवार

रफिया आली होती. ती काचीगुड्याला चप्पल बाजारच्या गल्लीत राहते, मुलींच्या शाळेत फारसी शिकवते. कॉलेजात शिकताना आम्ही तिघी एका बाकावर बसायचो.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. रफिया बुरखा काढून खुर्चीवर ठेवत होती. वहिनींनी तिला पाहिलं, तांब्या उंबऱ्यातच खाली ठेवला आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाभी की तबियत ठीक नहीं क्या?" रफियानं विचारलं.

"डोकं दुखतंय," मी म्हणाले.

तिनं तांब्या उचलून स्वतःच पाणी ओतून घेतलं. अनंतगिरीचं विचारलं तर लगेच हो म्हणाली. घरून परवानगी मिळेल का म्हटलं तर म्हणाली, "अब्बा आजकल किसी बात को नक्को नहीं बोलते. कुछ बोलतेच नहीं."

तिची मोठी बहीण मेहर आपा, उदगीरकडं दिलेली, सध्या माहेरी आली आहे. मुक्काम बराच लांबलाय. "कशी आहे आपा?" मी विचारलं. "है," रफिया म्हणाली. घरात माणसं वाढली की कुरबुरी होतातच. अशा गोष्टी खोदून विचारू नयेत म्हणून मी पळसाचा विषय काढला.

वहिनी आणि रफिया एका डब्यात, एका वाटेवर, पुरा दिवस. कसं निभवायचं ते कळत नाही. वहिनींना त्या लोकांची चीड असणं मी समजू शकते. पण रफिया म्हणजे ते लोक नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? तो विषय तर काढायचा नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

उद्या जायचं. सुलतान बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले, घरात घालून फिरले तर दादा म्हणाले फौजेत भरती झालीस का. धपाटे, दाण्याची चटणी, गूळ बांधून झालं.

वहिनींचं गाठोडं बघून हसू आलं. एक जाड चादर, काड्याची पेटी, मीठ, दोरी, फडक्यात बांधलेली हळद, भाजलेल्या ज्वारीचं पीठ.

"वहिनी, आपण संध्याकाळी परत यायचंय."

"असू द्या," त्या म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, सोमवार

आज कॉलेजात गेले नाही. पाय उचलत नाहीत. कालचं सगळं क्रमानं लिहिते, कारण मला स्वतःलाच ते नीट लागत नाहीये.

पहाटेच्या गाडीत चौघी बसलो. वहिनी खिडकीशी, रफिया समोरच्या कोपऱ्यात. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. वरलक्ष्मी आणि मी मध्ये बसून बडबडत होतो. विकाराबादला उतरलो तर पलीकडच्या फलाटावर बीदर-उदगीरची गाडी उभी होती. वहिनी तिच्याकडं बघत उभ्याच राहिल्या. मला वाटलं चहावाला शोधतायत, म्हणून चहा मागवला. रफियाही तिकडंच बघत होती. चहा दोघींनीही घेतला नाही.

मामा देवळापर्यंत बरोबर आले. तिथं त्यांचे गुडघे बोलायला लागले. "जा पोरींनो, वाट मळलेली आहे. मी इथं पुजाऱ्याशी गप्पा मारतो," म्हणाले. हे अर्थात दादांना कळवायचं नव्हतं. मी वहिनींकडं पाहिलं. त्यांनी नऊवारीचा ओचा घट्ट खोवला, गाठोडं पाठीला बांधलं आणि चालायला लागल्या.

इतक्या भराभर चालल्या की आम्हाला गाठता येईना. पायात साध्या वहाणा. चढ लागला तरी वेग तोच. वळणावर थांबायच्या, मागं बघायच्या, आम्ही दिसलो की पुन्हा पुढं. कुणी पाठीशी लागल्यासारखं चालत होत्या.

"तुझी वहिनी आपल्याला पळवून मारणार," वरलक्ष्मी म्हणाली.

मला थोडा रागच आला. एकदाच्या चालायला आल्या तर जरा इकडंतिकडं बघावं. पळस काय फुलला होता. पान एक नाही, नुसता केशरी. खाली तांबडी माती, साग निष्पर्ण, त्यात मधेच एखादं पांगाऱ्याचं झाड. मी नमुने गोळा करत होते. धारेवर पोचलो तेव्हा वारा सुटला आणि रफियानं ओढणी सोडून दिली, ती वाऱ्यावर फडफडली. आम्ही तिघी हसलो. कितीतरी दिवसांनी रफियाचं हसू पाहिलं. धारेवरून खाली मुसीचा उगम दिसतो असं मामा म्हणाले होते. आपल्या शहराला बुडवणारी नदी इथं नुसती ओल्या दगडांची रेघ होती.

उतार लागला. वाट बांबूच्या बेटातून खाली एका कोरड्या ओढ्याकडं जात होती. पुढं वहिनी, त्यांच्यामागं रफिया, मग मी नि वरलक्ष्मी. तेवढ्यात खालच्या वळणापलीकडून पुरुषांचे आवाज आले. चारदोन जण असतील, मोठ्यानं बोलत येत होते.

पुढचं एका क्षणात झालं. वहिनींनी रफियाचं मनगट धरलं आणि तिला खाली ओढलं. दोघी करवंदीच्या जाळीत शिरल्या. मी धावत गेले तर वहिनींनी रफियाला पोटाशी धरलं होतं आणि आपला तळवा तिच्या तोंडावर दाबला होता. रफियानं जराही प्रतिकार केला नाही. गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून, ती हे आधीच माहीत असल्यासारखी निपचित पडली होती.

आम्ही दोघी वाटेवर तशाच उभ्या. वळणावरून लाकूडतोडे आले, खांद्यावर कुऱ्हाडी. आम्हाला बघून बिचारे तेच दचकले. वरलक्ष्मीनं तेलुगूत विचारलं वाट बरोबर आहे ना, ते हो म्हणाले आणि निघून गेले.

"वहिनी, लाकूडतोडे होते," मी म्हणाले. "गेले."

त्या उठल्या नाहीत. रफियाही नाही. आवाज पार विरला तरी दोघी जाळीतच. रफियाच्या कपाळावर काटा लागून रक्त आलं होतं. मला इतकी लाज वाटली. माझ्या घरच्या माणसानं माझ्या मैत्रिणीच्या तोंडावर हात दाबावा? मी रफियाची माफी मागायला वाकले तर तीच म्हणाली, "तुम लोग आगे जाओ, इंदू. हम आते."

"पण तुझ्या कपाळाला..."

"जाओ ना."

वरलक्ष्मीनं माझा हात धरून मला बाजूला नेलं. आम्ही वाट बघायच्या निमित्तानं ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो, तिथं बसलो. बराच वेळ झाला. दिवस कलायला लागला. मी परत गेले. दोघी ओढ्याच्या वाळूत बसल्या होत्या. गाठोडं सोडलं होतं, वहिनींनी रफियाच्या जखमेत हळद भरली होती. वहिनी बोलत होत्या. परत आल्यापासून मी त्यांना सलग इतकी वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. अर्धं मराठी, अर्धं दखनी. मला पाठमोऱ्या होत्या. मी ऐकलं ते एवढंच: "...रडूसुद्धा दिलं नाही."

आणि रफिया म्हणाली, "कुमुद को मालूम था भाभी, हात किस का है."

मी तिथंच थबकले. कुमुदचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, आणि ते रफियाच्या तोंडून. म्हणजे वहिनींनी तिला सगळं सांगितलं, आणि वर आम्ही त्यांना रडू दिलं नाही अशी तक्रारही केली. आम्ही त्यांना इतकं जपलं, एक शब्द दुखवून बोललो नाही. आणि ज्या बाईनं दोन आठवड्यांपूर्वी रफियाला पाणी हातात दिलं नाही, ती तिच्याजवळ मन मोकळं करते. मी मागं सरले आणि मोठ्यानं हाक मारत पुन्हा आले.

मी म्हटलं, आता उशीर झालाय, आल्या वाटेनंच परतू, ते जवळ पडेल. वहिनी उठल्या. "नाही वन्सं. पुरा करायचा. अर्ध्यातनं मागं नाही फिरायचं." रफियानं मान हलवली. वरलक्ष्मी त्यांच्या बाजूनं झाली. मी एकटी पडले.

उरलेल्या वाटेवर त्या दोघी मागं राहिल्या. मी सारखी थांबून हाका मारत होते. वहिनींचा सकाळचा वेग कुठं गेला कोण जाणे, आता रमतगमत, प्रत्येक दगडावर पाऊल ठेवून चालत होत्या. ओढा ओलांडताना रफियानं हात पुढं केला आणि त्यांनी धरला. मग देऊळ येईपर्यंत सोडला नाही. मामा काळजीनं काळवंडले होते. ठरलेली गाडी गेली होती. पुढच्या पॅसेंजरनं आलो तेव्हा नामपल्ली स्टेशनवर दादा उभे. रफियाला टांग्यात बसवून दिलं, तिच्या कपाळाकडं पाहिलं, आणि आम्हाला घेऊन घरी आले.

गाडीत वहिनींना झोप लागली होती, रफियाच्या खांद्यावर.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

दादांचा राग आज बाहेर पडला. मामा देवळातच बसले होते हे त्यांना कळलंय. जेवायला बसलो होतो.

"यापुढं हे डोंगर नकोत. आणि ती मुलगीही काही दिवस घरी नको. लोक बोलतात. दोन्हीकडचे."

मी खाली मान घालून भात कालवत होते. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळं झाला."

"तुला कोण काही म्हणतंय."

"मी रफियाजवळ बसले होते. आम्ही कुमुदचं बोलत होतो."

दादांचा घास हातातच राहिला. मग ते ताटावरून उठले. हात धुवायला गेले ते परसातच उभे राहिले, नळ वाहत होता. वहिनींनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

मला वाटतं त्यांनी हे जेवणाच्या वेळी काढायला नको होतं.

१ मार्च, मंगळवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. पूर्वीही फारसं बोलत नव्हतो, पण ते वेगळं होतं.

६ मार्च, रविवार

सकाळी नमुने कागदावर चिकटवत होते. दादा येऊन समोर बसले. पळसाचं वाळलेलं फूल उचललं, उलटसुलट केलं.

"तिनं तुला काही सांगितलं का?"

"मला नाही. रफियाला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"मला माहीत नाही, दादा. तुम्हीच विचारा ना."

"मी कसं विचारू?" ते म्हणाले. "मी तिथं नव्हतो."

एवढा मोठा वकील माणूस, आणि कसं विचारायचं ते मला विचारतोय. मला दया आली. ते फूल खिशात घालून कोर्टाचे कागद बघायला गेले. माझा एक नमुना कमी झाला.

१३ मार्च, रविवार

दुपारी वहिनींनी साडी बदलली आणि मला म्हणाल्या, रफियाच्या घरी जायचंय, तुम्ही येता का, नाहीतर टांगा सांगा. दादा ओसरीवर होते. अडवलं नाही.

मेहर आपाला मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. पांढऱ्या कपड्यांत होती. हातात बांगडी नाही. तेव्हा मला कळलं. सप्टेंबरात फौजा गावावरून पुढं गेल्यानंतर त्यांच्या गावातल्या लोकांनीच तिच्या नवऱ्याला घरातून ओढून नेलं. शेजारचे हणमंतराव म्हणून कुणी, त्यांनी आपाला आपल्या कडब्याच्या गंजीत लपवलं आणि पुढं बैलगाडीतून बीदरला आणून सोडलं. नवरा मारला गेला एवढंच कळलं; कुठं नेलं, माती कुठं झाली, तिला माहीत नाही.

"तू मला सांगितलं नाहीस," मी रफियाला स्वयंपाकघरात म्हणाले.

ती चहा गाळत होती. "तू पूछी कब?" म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

बाहेर आले तर आपा आणि वहिनी गावांची नावं घेत होत्या. कुठली नदी, कुठला बाजार, कुठल्या घाटात गाडी अडते. एकाच मुलखातल्या दोघी.

घरी आल्यावर वहिनी दादांसमोर उभ्या राहिल्या. "मला उदगीरला जायचंय."

"तिथं आता कोण आहे? तुझे वडील, भाऊ, सगळे सोलापुरात."

"कुमुद आहे."

दादांनी चष्मा काढला नाही. म्हणाले, "कोर्टाला सुट्टी बघतो."

२७ मार्च, रविवार

दादा आणि वहिनी गुरुवारी गेले. जाताना आपानं वहिनींना एकच काम सांगितलं: हणमंतरावांची भेट झाली तर त्यांना सलाम सांगा, ते बरे आहेत का ते बघून या.

घर मोठं वाटतं. वरलक्ष्मी सोबतीला येऊन राहिली आहे. तिला विचारलं, वहिनी रफियालाच का बोलल्या, मला का नाही. ती म्हणाली, "तुझ्याजवळ रडल्या असत्या तर तू त्यांना गप्प केलं असतंस. प्रेमानंच." मला ते बोलणं लागलं. रात्री भांडलो नाही, पण बोललोही नाही. सकाळी तिनं दोशे केले.

३ एप्रिल, रविवार

काल दुपारी दोघं आले. उन्हानं काळे पडलेले. दादांच्या धोतराला तांबडी माती, ती त्यांनी झटकलीही नव्हती. जेवताना दादांनी सांगितलं. वहिनी मध्येमध्ये दुरुस्त करत होत्या.

कुमुदला पुरलं ती जागा सापडली नाही. तो ओढा सापडला, पण एक पावसाळा होऊन गेला होता. काठ ढासळलेले, वाळू सरकलेली. खूण म्हणून लावलेला दगड गेलेला. वहिनी वळणावळणावर थांबल्या, इथं असेल, नाही, तिथं. शेवटी खाली बसल्या. दादाही त्यांच्याजवळ वाळूत बसले. दिवसभर तिथंच होतो, दादा म्हणाले. एवढंच सांगितलं, आणि त्यांनी वहिनींच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. दादांना मी कधी कुणाला वाढताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपाच्या गावी हणमंतरावांकडं गेले. म्हातारे झालेत, एका डोळ्यानं दिसत नाही. आधी बोलायला तयार नव्हते. दादा वकील आहेत कळल्यावर तर उठूनच गेले. मग वहिनी आत जाऊन त्यांच्या बायकोजवळ बसल्या. संध्याकाळी म्हातारा कंदील न घेताच पुढं चालायला लागला आणि यांना आपल्या शेताच्या बांधावर घेऊन गेला. चिंचेखाली. त्यानं आणि त्याच्या भावानं मिळून आपाच्या नवऱ्याला तिथं पुरलं होतं. मुसलमानांत पुरताना काय म्हणतात ते त्या दोघा भावांना येत नव्हतं. तोंड कुठल्या दिशेला करायचं तेही माहीत नव्हतं, तेव्हा सूर्य बुडतो तिकडं केलं. तेवढं बरोबर झालं का, असं तो दादांना पुन्हा पुन्हा विचारत होता.

आज आम्ही आपाकडं गेलो. मी आणि वहिनी दोघीच. वहिनींनी सगळं सांगितलं. बांध कुठला, चिंच केवढी, सावली कुठं पडते, कुंपण आहे का, गुरं येतात का. आपा एकेक गोष्ट विचारत होती आणि वहिनींना एकेक ठाऊक होती. दिशेचं ऐकल्यावर आपानं डोळे मिटले. "सही है," म्हणाली. "उनको बोलना, सही है."

मग तिनं विचारलं, "और बच्ची की जगह?"

"नाही मिळाली," वहिनी म्हणाल्या.

आपानं त्यांना जवळ ओढून घेतलं. रफियाचे अब्बा दाराबाहेर उभे होते, ते आत आले नाहीत, पण आम्ही निघताना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आले. वहिनींना म्हणाले, "बेटी, फिर आना." रफियानं सांगितलं, कित्येक दिवसांत त्यांनी बाहेरच्या माणसाशी बोललेले हे पहिले शब्द.

टांगेवाले होते, पण वहिनी म्हणाल्या चालत जाऊ, लांब आहे कुठं. काचीगुड्याचं रेल्वेफाटक बंद होतं. मालगाडी जात होती. डबे संपेनात. त्या आवाजात मी विचारलं, म्हणजे मला वाटलं आवाजात ऐकू गेलं नाही तर बरंच.

"वहिनी, कुमुद शेवटी काय बोलली?"

मालगाडी गेली. फाटक उघडलं, सायकली सुटल्या. मला वाटलं चुकलंच. दादांनी सांगितलं होतं, मीही स्वतःला सांगितलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "शेवटचं नंतर सांगते. आधी पहिल्यापासून सांगू का?"

त्यांनी संक्रांतीपासून सुरुवात केली. कुमुदनं हलवा तोंडात धरून ठेवला आणि विरघळला म्हणून हट्ट धरला तिथपासून. आजोबांच्या पागोट्यात ती काय काय लपवायची. बैलाला ती काय नावानं हाक मारायची. वहिनी मधेच हसल्या, मधेच रडल्या, चालत राहिल्या. लोक बघत होते. मी त्यांना गप्प केलं नाही.

आमचं फाटक आलं. दादा ओसरीवर दिवा लावत होते, त्यांनी आम्हाला पाहिलं. कुमुद अजून आजोळच्या अंगणातच खेळत होती, घर सोडायची रात्र अजून यायची होती. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही फाटकावरून तशाच पुढं गेलो.